तुसातला थर्मास

आमच्याकडे निफाड तालुक्यात शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दहा-साडेदहाला मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत कांद्याला बारे देत फिरायचं. डिसेंबर-जानेवारीत ही पाळी म्हणजे परीक्षाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात येतात. त्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. माणसांची सोय मात्र ज्याची त्याने करायची. एक वाफा भरून दुसरा फोडेपर्यंत पाय बधिर होतात, आणि अशा वेळी दोन-तीन वाजता घोटभर गरम चहा मिळाला तर पुढची रात्र निघते.

घरचा काचेचा थर्मास मोटरसायकलच्या हँडलवरून पडून फुटला. बाहेरून शाबूत, पण हलवला की आत बांगड्या वाजल्यासारखा आवाज. त्यानंतर आणलेला स्टीलचा चांगला होता, पण मोटरच्या खोलीत खुंटीला टांगलेला कोणीतरी उचलून नेला. नानांनी फर्मान काढलं, "आता तिसरा आणायचा नाही. न्यायचाच असेल तर असा न्या, की चोरालाही उचलावासा वाटू नये." म्हणून घरातल्या सामानातून थर्मास बनवायचा ठरवला. चोराला नकोसा वाटण्याच्या बाबतीत तो शंभर टक्के यशस्वी झाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात फुटलेला थर्मास खोलण्यापासून केली. बूड फिरवून काढलं आणि काचा जपून बाहेर घेतल्या. भिंत एक नसून दोन असतात, आणि दोन्ही काचांना आतल्या, म्हणजे एकमेकींकडे तोंड केलेल्या बाजूने आरशासारखा चंदेरी मुलामा असतो. बुडाशी काचेचं बारीक टोक होतं. तिथूनच दोन भिंतींमधली हवा ओढून घेतात आणि काच वितळवून तोंड बंद करतात. ते टोक तुटलं की थर्मास संपला, कारण हवा आत शिरते आणि उरतं ते नुसतं दोन भिंतींचं भांडं.

ही रचना जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो हवा, ऑक्सिजन असे वायू थंड करून द्रवरूप करायचा, आणि ते द्रव टिकवायला त्याला भांडं हवं होतं. १८९२ मध्ये त्याने हे दुहेरी भिंतीचं भांडं केलं. म्हणजे चहा गरम ठेवणारी ही वस्तू जन्माला आली ती गार द्रव गार ठेवण्यासाठी. ड्यूअरने पेटंट घेतलं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत 'थर्मॉस' नावाने ती बाजारात आली आणि पैसा दुसऱ्यांनी केला. आमच्या गावात जुगाड करणाऱ्यांचंही बहुतेक असंच होतं.

उष्णता जायला तीन वाटा, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं: वहन, अभिसरण, प्रारण. निर्वात पोकळी पहिल्या दोन अडवते, चंदेरी मुलामा तिसरी. घरी निर्वात पोकळी काही करता येत नाही. सायकलचा पंप उलटा लावून पाहायचा मोह झाला होता, पण पत्र्याचा डबा आत चेपेल आणि पोकळी तरी कुठली व्हायची! मग उरते ती हवा. हवा स्वतः उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिच्या तुलनेत पाणी वीस-पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं आणि स्टील सहाशेपट. हवेची खोड एवढीच, की ती एका जागी बसत नाही. गरम भिंतीला लागलेली हवा वर चढते, गार भिंतीला लागलेली खाली उतरते, आणि मोकळी जागा मिळाली की तिचा रहाट सुरू होतो. म्हणून तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडायचं. थर्माकोल, कापूस, लोकर, गोधडी या सगळ्यांचं काम तेच, हवा कोंडून ठेवणं.

माझी पहिली पसंती भाताच्या तुसाला होती. आमच्याकडे भात नाही, पण घोटीला भाताच्या गिरण्या आहेत आणि तिकडून कोंबड्यांच्या शेडसाठी तूस भरून गाड्या येतात. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने अर्धं पोतं फुकट दिलं. तूस हातावर घेऊन पाहावं: एकेक टरफल आतून पोकळ, बाहेरून खरखरीत, त्यामुळे कितीही दाबलं तरी एकमेकांत पूर्ण बसत नाही. त्यात सिलिका भरपूर असते, म्हणून ते लवकर कुजत नाही. त्रास एकच, अंगाला लागलं की खाजतं. बाहीच्या आत गेलेलं तूस आंघोळीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

सामान असं होतं. लिटरभर पाणी मावेल अशी स्टीलची फिरकीच्या झाकणाची बरणी, झाकणाला आतून रबरी वायसर असलेली. बाहेर दहा लिटरची रिकामी रंगाची बादली, झाकणासकट. दोघींमध्ये चारही बाजूंनी सहा-सात सेंटिमीटर जागा राहत होती. तूस आधी दोन उन्हं दाखवून कडकडीत वाळवलं. बादलीच्या तळाला चार बोटं थर दिला, बरणी मधोमध ठेवली, आणि बरणी काढता-घालता यावी म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याचा नळा केला. नळ्याच्या बाहेर तूस ठोकून ठोकून भरलं. वरच्या बाजूला सुटं तूस ठेवता येत नाही, प्रत्येक वेळी चहात पडेल. त्यासाठी आईने नानांच्या जुन्या धोतराची गोल गादी शिवली, आत तूस भरलं आणि मधे गोधडीसारखे चार टाके मारले. टाके नसते तर तूस कडेला सरकून मधे पोकळ पडली असती, आणि नेमकी तीच जागा बरणीच्या झाकणावर येते.

आता मोजायचं कसं? तापाचा थर्मामीटर बेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही. फ्रिजसाठी किंवा माशांच्या टाकीसाठी लांब वायरवालं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, दीडशे-दोनशे रुपयांत, ११० अंशांपर्यंत दाखवणारं. त्याचा फायदा असा, की वायर वायसरखालून आत सोडली की झाकण न उघडता आकडा वाचता येतो. आधी त्याची परीक्षा घेतली. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात ते शून्याला लागूनच थांबलं आणि उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास. १०० का नाही, म्हणून यंत्राला नावं ठेवू नयेत. निफाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. यंत्र खरं बोलत होतं.

मापं घरातच घेतली, देवघराच्या कोपऱ्यात. तिथे वारा लागत नाही आणि रात्रभर तापमान २२ च्या जवळपास राहतं. प्रत्येक वेळी लिटरभर उकळतं पाणी. ओतेपर्यंत आणि भांडं तापेपर्यंत ते ९३ वर येतं, तिथून घड्याळ सुरू. नानांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता. येता-जाता विचारायचे, "काय रे, आज किती ताप हाये बरणीला?"

तुलनेसाठी आधी नुसती बरणी, झाकणाशिवाय. तासाभरात ५६. तीच बरणी झाकण लावून, बाकी काही नाही: तासाभरात ७४. झाकणाने अठरा अंश वाचवले. इथवर ठीक आहे, कोणीही सांगेल. पण मग मी बरणी तुसाच्या बादलीत ठेवली आणि मुद्दाम बरणीचं झाकण आणि वरची गादी दोन्ही लावली नाही. खालून आणि बाजूंनी सात सेंटिमीटर तूस, वर आभाळ. तासाभराने आकडा आला ६९.

म्हणजे बादलीभर तूस घालून, तोंड उघडं ठेवून जे मिळालं, त्यापेक्षा तुसाशिवाय नुसतं झाकण लावलेली बरणी पाच अंशांनी जास्त गरम राहिली. मी पुन्हा करून पाहिलं, आकडा तोच. आपण सगळे थर्मास म्हटलं की भिंतींचा विचार करतो. उष्णता मात्र दारातून निघून जात असते.

कुठे जाते ते तोलून पाहिलं. किराणा दुकानात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आहे. उघड्या तोंडाच्या त्या तासात पस्तीसेक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं होतं. दोन चमचे पाणी, त्याचं काय एवढं? पण पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, एका ग्रॅमला सव्वादोन हजार ज्यूलच्या वर. ती उष्णता बाकीच्या पाण्यातूनच जाते. हिशेब केला तर उडालेला प्रत्येक ग्रॅम लिटरभर पाण्याला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त थंड करून जातो. पस्तीस ग्रॅम म्हणजे एकोणीस अंश. एकूण घट चोवीस अंशांची होती. उरलेले पाच अंश तुसातून झिरपले आणि तूस-पुठ्ठा तापण्यात गेले. हिशेब इतका जुळला की मीच चकित झालो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार करणारी हीच करामत हिवाळ्यात चहाच्या मुळावर येते.

तेव्हापासून सगळं लक्ष तोंडाकडे दिलं. वायसर जुना, कडक झालेला होता. भांड्यांच्या दुकानातून नवा, जाड आणला. बरणीच्या झाकणावर आईची गादी घट्ट बसेल एवढी जाड केली, बादलीचं झाकण दाबून लावताना ती थोडी चेपली पाहिजे. पुठ्ठ्याच्या नळ्याची वरची कड बरणीच्या झाकणाच्या दोन बोटं वर ठेवली, म्हणजे गादी नळ्यात शिरून बसते आणि कडेने फट राहत नाही. एवढं केल्यावर रात्री बाराला ९३ वर ठेवलेलं पाणी सकाळी सहाला ६३ होतं. हात घालवत नव्हता.

न्यूटनने १७०१ मध्ये सांगून ठेवलंय, की वस्तू आणि भोवताल यांच्यात जितका फरक जास्त तितकी ती भराभर थंड होते. त्यावरून पुढचं भाकीत करता येतं. सुरुवातीला फरक ७१ अंश, सहा तासांनी ४१. म्हणजे दर तासाला फरकाचा साधारण नऊ टक्के हिस्सा जातोय. आणखी सहा तास ठेवलं तर फरक त्याच पटीत घटून चोवीसच्या आसपास यायला हवा, म्हणजे पाणी ४६ वर. दुपारी बाराला यंत्र ४६ ला थोडं वर होतं, तोवर घरही थोडं तापलं होतंच. कागदावरचं गणित आणि बादलीतलं पाणी असं जुळलं की बरं वाटतं. नानांनी तेव्हा पहिल्यांदा वहीत डोकावून पाहिलं.

मग हौसेने बाकीचे प्रकार केले. माळ्यावर गणपतीच्या मखराचं जुनं थर्माकोल पडून होतं. राज्यात २०१८ ला बंदी आल्यापासून ते वापरलेलं नाही. त्याचे तुकडे कापून तुसाच्या जागी बसवले: सहा तासांनी ६६. तीन अंशांसाठी घरभर पांढरे मणी उडवून घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत. घरच्या गव्हाचा भुसा भरून ६० आले. भुसा दबतो, खाली बसतो, आणि वर पोकळी तयार होते. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद बरणीला गुंडाळून तुसात ठेवला, तर काडीचाही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. तो कागद प्रारण परत फेकतो, पण त्यासाठी त्याच्यापुढे मोकळी जागा लागते. तूस अंगाला चिकटून बसलं की त्याच्यातून उष्णता सरळ वहनाने जाते. शिवाय चकचकीत स्टील स्वतःच प्रारण कमी करतं. इंटरनेटवरच्या बहुतेक 'घरगुती थर्मास'मध्ये हा कागद हटकून असतो, आणि तो बहुधा शोभेसाठी असतो.

खरा फरक पडला तो भरण्याच्या प्रमाणाने. बरणी अर्धीच भरली तर सहा तासांनी ५२. उष्णतेचा साठा निम्मा, गळती जवळपास तेवढीच. म्हणून दोनच माणसं असली तरी बरणी गळ्यापर्यंत भरायची, उरलेल्या पाण्याने पहाटे तोंड धुवायचं. आणि भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं बरणी तापवून घ्यायची, ते ओतून मग नवं भरायचं. हिवाळ्यात गार स्टील आणि गार तूस पहिल्या अर्ध्या तासात चार-पाच अंश सहज खातात.

शेजाऱ्यांचा विकतचा स्टीलचा थर्मासही एक रात्र मागून आणला. त्याच कोपऱ्यात, तेवढंच पाणी, सहा तासांनी ७६. तो तासाला फरकाचे साडेचार टक्केच घालवतो, म्हणजे माझ्यापेक्षा दुप्पट चांगला, आणि पिशवीत मावतो. माझी बादली मोटरसायकलच्या टाकीवर, दोन पायांत धरून न्यावी लागते. ज्याला विकतचा परवडतो आणि ज्याच्याकडे तो टिकतो, त्याने तोच घ्यावा. मी उगाच स्वदेशीचा झेंडा मिरवणार नाही.

रानातली परीक्षा घरच्यापेक्षा अवघड. रात्री दहाला भरलेली बादली मोटरच्या खोलीत ठेवली होती, बाहेर आठ अंश. पहाटे चारला पाणी ५६. चहा पिण्याजोगा असतो तो साधारण तेवढाच. अडचण दुसरीच निघाली: बरणीचं झाकण उघडेना. भरताना आत वाफ असते, पाणी निवलं की तिचं पाणी होतं, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. वायसर जितका चांगला तितकं झाकण घट्ट. नाना म्हणाले, "तुझा थर्मास आमच्यापासूनच चहा लपवितो." उपाय सोपा आहे. चमच्याची दांडी वायसरखाली किंचित घालायची, बारीक 'सस्' आवाज येतो आणि झाकण हाताने फिरतं. आता एक जुना चमचा बादलीच्या कडीलाच सुतळीने बांधून ठेवलाय.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. तुसाला ओल लागता कामा नये. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीसपट उष्णता वाहतं, म्हणजे तूस भिजलं की ते पांघरूण राहत नाही. रानात दव पडतं, म्हणून बादली उघड्यावर ठेवायची नाही, आणि महिन्यातून एकदा तूस पोत्यावर पसरून उन्हात टाकायचं. दुसरी गोष्ट उंदीर. तुसात चुकार दाणे असतातच आणि उंदरांना त्याचा पत्ता लगेच लागतो. भरायच्या आधी सुपाने पाखडून घेतलं की ही कटकट मिटते.

कांद्याच्या लागवडीच्या वेळी याच पद्धतीने मोठी बादली केली, आत पाच लिटरचा डबा. भांडं मोठं झालं की पाण्याच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, त्यामुळे ती छोटीपेक्षा सावकाश निवते. सकाळी सातला भरलेलं पाणी अकराला, बायका वाफ्यातून उठतात तेव्हा, ऐंशीच्या घरात असतं. चूल मांडायला लागत नाही. उन्हाळ्यात त्याच बादलीत बर्फाचं पाणी नेलं. ते काम ती तितक्याच इमानाने करते, फक्त वाफेचा प्रश्न नसल्यामुळे झाकणाचे इतके नखरे नाहीत.

एक सांगायचं राहिलं. आम्ही यात दुधाचा चहा भरत नाही. दूध साठच्या खाली उतरून तासन् तास कोमट राहिलं की जंतूंना आयतं रान मिळतं, आणि आमची बरणी पहाटेच्या वेळी नेमकी त्याच पट्ट्यात असते. शिवाय सहा तास कोंडलेल्या दुधाच्या चहाला वास येतो, तो कितीही आलं घातलं तरी जात नाही. बरणीत गूळ-आल्याचा कोरा चहा असतो. दूध लहान डबीत वेगळं, पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर गार ठेवलेलं. नानांना ते आयत्या वेळी चहात घातलेलं आवडत नाही, चहा निवतो म्हणतात. ते आता कोराच पितात.